टॅप्सकॉट जॅम, पहिलं बक्षीस

—अहो, आत या ना, दारात कशाला उभ्या? माश्या येतात. पाटीवर 'बंद' दिसतंय तिकडे नका लक्ष देऊ, ती उलटवायची राहतेच माझ्याकडून—रविवारी दोन ते चार आम्ही उघडे असतो हे अख्ख्या टॅलबिनला माहीत आहे, पाटी वाचतंय कोण? टॉयलेट मागच्या बाजूला, डावीकडे—नकोय? खरंच? संकोच नका करू, हायवेवरून वळून येणारे निम्मे लोक त्यासाठीच येतात, आणि मी त्यांच्याही सह्या घेते, पाहुणा तो पाहुणा. ही वही. इथे नाव, आणि इथे 'कुठून आलात'. तो रकाना महत्त्वाचा. एकदा फिनलंडहून एक जोडपं आलं होतं, त्या पानात मी अजून खूण घालून ठेवलीय—झालं लिहून? माझा चष्मा कुठे गेला कोण जाणे, नंतर वाचीन. पण 'कुठून'ची जागा मोकळीच सोडलीत वाटतं, पेन तिकडे गेलंच नाही. असू दे, जाताना भरा, सावकाश. मी नोरीन टॅप्सकॉट. हो, तेच टॅप्सकॉट. रस्ता आमचा, पूल आमचा, घोड्यांच्या पाण्याचा हौद आमचा. म्हणजे नावाने. मी त्या घरातली सून, साठ वर्षांची जुनी.

चला, इस्त्र्यांपासून सुरुवात करू. सदतीस आहेत. काय होतं, गावात कुणी म्हातारं गेलं की घर आवरताना इस्त्री सापडते, ती टाकवत नाही, ठेववत नाही, मग आमच्या पायरीवर आणून ठेवतात. आणि नाही म्हणायची सोय नाही—एकदा अडतिसाव्या इस्त्रीला नाही म्हटलं, तर ते घर अजून चर्चमध्ये आमच्या बाकावर बसत नाही. ही काटेरी तार, एकशे बारा प्रकारची. शाळेची मुलं येतात तेव्हा इथे फार रमतात—नाही, खोटं कशाला बोला, नाही रमत. ही दंतवैद्याची खुर्ची, सापळाच म्हणा. आणि हे गावाचे पहिले महापौर, मेणाचे. मिशी गेल्या उन्हाळ्यात गळून पडली. नाही, नाही, परत लावायची नाही! शहरातून एक मुलगी आली होती जुन्या वस्तू कशा सांभाळायच्या ते शिकवायला, पांढरे हातमोजे घालून, ती बजावून गेलीय—जे आपोआप सुटलं ते सुटलं, पुन्हा चिकटवायचं नाही, पाकिटात घालायचं, वर तारीख टाकायची, वस्तूशेजारी ठेवायचं. आमचे अध्यक्ष म्हणाले, बिनमिशीचा महापौर म्हणजे गावाचा अपमान. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. ते बघा पाकीट. 'मिशी, चौदा जानेवारी', ऐन उन्हाळ्यातली. अध्यक्ष अजून त्या बाजूने जाताना तोंड फिरवतात.

ही भिंत म्हणजे गावाचा इतिहास, सालवार. १८५१, टॅप्सकॉट आले. १८५२, पहिलं कुंपण. १८५३, पहिली मेंढी चोरीला. १८५५, पहिलं गोरं बाळ, तो त्याचा पाळणा—हात नका लावू, वाळवी आहे. काय? त्याच्या आधी? त्याच्या आधी काही नाही, इथे भिंतच सुरू होते ना, ते दार आहे. म्हणजे—इथले मूळचे लोक होते, असणारच, नदीला नाव आधीपासूनच होतं, ते काही आम्ही ठेवलेलं नाही. पण असं बघा, हे म्युझियम चालतं दानावर. ज्यांनी वस्तू आणून दिल्या त्यांचा इतिहास इथे आहे. त्या लोकांनी कधी काही आणूनच दिलं नाही. —ते? त्या पेटीतले? हो, ते दगड त्यांचेच, कुऱ्हाडीचे, दळायचे. नांगरताना निघाले. खाली 'विविध' म्हणून चिठ्ठी आहे. 'देणगीदार'च्या पुढे—हं, टॅप्सकॉट. कारण आणून आम्ही दिले ना. तुम्ही अशा बघू नका हो, चिठ्ठ्या मी एकटी नाही लिहीत, समिती असते.

तुम्ही जॅम बघायला आलात, होय ना? मला दारातच कळलं. मघापासून मान तिकडेच वळतेय. वर्तमानपत्रातून आलात का? म्हणजे पाठवलंय का कुणी लिहायला? नाही—वाचून आलात. वाचून आलात तरी चांगलंच, लोक वाचतात म्हणजे. मग तुम्हाला ठाऊकच असेल, शनिवारी अनावरण आहे, बँड येणार आहे, दोन गावं पलीकडून. शेजारच्या गावात महाकाय बदक उभं केल्यापासून आमच्याकडे गाडी थांबायचीच बंद झाली—बदक! त्या गावात बदक कधी कुणी पाहिलं होतं का? तर आमची सात मीटरची जॅमची बाटली, फायबरची, पेट्रोल पंपाशेजारी, रात्री आतून दिवा लागणार, लाल. आणि वर एकेक मीटरची अक्षरं—'ऑगस्टा टॅप्सकॉट'. माझ्या सासूबाई. अक्षरं तेवढी राहिलीत. पाट्या रंगवणारा केव आज चार वाजता येऊन हे बक्षिसाचं कार्ड घेऊन जाणार, समितीला अगदी अस्सल कार्डावरचंच नाव हवंय, वळणासकट. केवला कार्ड दिलं की काळजी नाही. जे दिसेल ते उतरवतो तो, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. पोहण्याच्या तलावाची पाटी पाहिलीत का येताना? समितीने कागदावर मजकूर लिहून दिला होता, 'खोल पाण्यात उडी मारू नये', आणि शेजारी बारीक अक्षरात त्याच्यासाठी सूचना—'ही ओळ जरा ठळक'. तर तेही रंगवलंय. बावीस वर्षं झाली, 'ही ओळ जरा ठळक', निळ्या रंगात. आता पुसू देत नाहीत, म्हणतात वारसा आहे.

तर ही ती बाटली. १९६४ची. मेणाचं झाकण अजून तसंच आहे. क्वांडाँगचं जॅम, ते लाल आंबट रानफळ, नदीपलीकडे झाडं आहेत—होती. शेतकी प्रदर्शनात सलग चौदा वर्षं पहिलं बक्षीस, दुसरं कुणी जवळपाससुद्धा नाही. आणि ही भिंतीवरची ओळ मीच सुचवलेली, 'अपराजित निवृत्ती, १९६५'. पासष्टपासून सासूबाईंनी एकदाही जॅम केलं नाही. म्हणजे प्रदर्शनासाठी. म्हणजे—घरीही नाही. मोठ्या मनाच्या होत्या, म्हणायच्या, आता इतरांना संधी. हा भांडी पुसायचा टॉवेल घ्या आठवण म्हणून, त्यावर कृती छापलीय, मूळ कृती. लोक घेऊन जातात, करून बघतात, मग पत्रं येतात की जमलं नाही, चामड्यासारखं झालं. आम्ही कळवतो, हात लागतो तो सासूबाईंचा. अहो, हसताय काय? कृतीत काय राहिलंय? —भिजवायचं?

रात्रभर. काळ्या चहात.

हे तुम्हाला कुणी सांगितलं?

नाही, बरोबर आहे, चहातच, चांगल्या कडक, गार झालेल्या, मी विसरलेच होते आणि तुम्ही म्हणालात तसा तो वास आला बघा, परसातल्या त्या मोठ्या पांढऱ्या घमेल्याचा. मी लिहून दिली कृती छापायला, आठवून आठवून, पण ते घमेलं कधी आठवलं नाही. सासूबाईंना विचारावं तर—आता तुम्ही काही वर्तमानपत्रातल्या नाही म्हणून सांगते, सासूबाईंना अंडं उकडता येत नसे. खरंच. अंड्याला तडा जायचा आणि त्या पाण्यावर रागवायच्या. स्वयंपाकघरात पाय टाकायच्या त्या फक्त ओरडायला. जॅम करायची ती मर्टल, इथल्या मूळच्या लोकांतली. कामाला होती आमच्याकडे, माझ्या लग्नाच्या आधीपासून, मागे पत्र्याच्या खोलीत राहायची, एक लहान पोर होती तिला. फळं तीच आणायची, झाडं कुठे आहेत ते तिलाच ठाऊक, मला एकदा घेऊन गेली होती, सगळा वेळ पुढे पुढे चालत राहिली आणि परत येताना म्हणाली, वाट विसरा हं आता, वहिनी. आणि हसली. मग मला कळेना, थट्टा होती की काय.

यात सासूबाईंचा दोष नाही. तशी पद्धतच होती, सगळ्याच घरांत. मालकिणीचं स्वयंपाकघर, म्हणजे जे शिजेल ते मालकिणीचं. अर्जावर 'स्पर्धकाचं नाव' असायचं, तिथे कामवालीचं नाव कुणी घातलं असतं? केकवाल्या बायका, भरतकामवाल्या बायका—आता सांगते, त्या पलीकडच्या काचेतला रुमाल बघा, 'सौ. अमुक यांचं भरतकाम', त्या सौ. अमुकला सुईत दोरा ओवता यायचा नाही, हात थरथरायचे, दुपारपासून पीत असायची. सगळ्या गावाला माहीत. माहीत असूनच बक्षिसं द्यायचे एकमेकींना, टाळ्या वाजवायचे. टाळ्या फार सुंदर वाजवतात हो आमच्याकडे, हातमोजे घालून.

अर्ज मी भरायचे. माझं अक्षर चांगलं म्हणून. मी एकवीस वर्षांची, शहरातून शिक्षिकेचा कोर्स करून आलेली, डोक्यात नाही नाही ते भरलेलं—जग बदलायचं होतं मला, आणि सुरुवात जॅमपासून. चौसष्ट साली मी अर्जावर खरं नाव लिहिलं. कुणाला न विचारता. मर्टलला पण नाही विचारलं, ते चुकलंच माझं, तिला आधी विचारायला हवं होतं, भोगायचं तिला होतं. आणि मिळालं पहिलं! मिळणारच होतं, परीक्षक आदल्या दिवशीच चव घेतात, नाव नंतर बघतात. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही मंडप झाडायला गेलो, तेव्हा टेबलावर बाटली, बाटलीपुढे निळ्या फितीचं हे कार्ड, आणि कार्डावर वळणदार अक्षरात तिचं नाव. तिला फारसं वाचता येत नसे, पण तेवढं यायचं. झाडू हातात धरून उभी राहिली. मग मला म्हणाली, 'वहिनी, हे उद्या सगळ्यांना दिसणार?' मी म्हटलं, हो, सगळ्यांना.

नाही दिसलं.

संध्याकाळी सासूबाई आल्या, बघितलं, आरडाओरडा काही नाही, त्या कधी चारचौघांत आवाज चढवायच्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, 'नोरीन, तुझं अक्षर किती छान आहे.' बस्. कागदाची पट्टी कापून माझ्या हातात दिली. घरी जाऊन ती चिकटवायला मी पिठाची खळ शिजवली—पीठ कुठंय सापडेना, तर डबा तिनंच काढून दिला. मर्टलनं. भांड्याखालचा जाळ कमी केला, खळ करपते म्हणाली मोठ्या जाळावर. मी ढवळत होते आणि ती शेजारी उभी होती. हे मी कुणालाच नाही सांगितलं, माझ्या नवऱ्याला पण नाही, आणि तुम्हाला का सांगतेय मला कळत नाही, तुम्ही बोलत नाही ना, म्हणून होतं असं, जरा तुम्ही पण बोलत जा.

ही पट्टी, दिसतेय ना, 'ऑगस्टा टॅप्सकॉट', हे माझं अक्षर. शनिवारी सात मीटरवर चढणार ते माझं अक्षर. समिती म्हणते काय देखणं वळण आहे जुन्या काळचं.

पुढच्या वर्षी एका सकाळी ती निघून गेली. पोर कडेवर, बोचकं डोक्यावर. मी खिडकीतून पाहिलं. हाक मारायला हवी होती, नाही मारली, तोंडात दात घासायचा ब्रश होता—असलं कारण असतं बघा माणसाचं, साठ वर्षं पुरतं. मी म्हणत होते, आता वय झालं असेल तिचं, कुठे असेल—

गेली? कधी?

मागच्या हिवाळ्यात. सत्त्याऐंशी. हो, तेवढीच असणार. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी होती. तू—तू तिची कोण? नातच असशील. कडेवर होती त्या पोरीची पोर. थांब, हनुवटी इकडे कर जरा. तरीच. मघापासून मला वाटत होतं ही बाई ओळखीची आणि मी समजत होते टीव्हीवर बघितलंय कुठेतरी. तिने सांगितलं होतं तुला? काय म्हणायची? 'खाली माझं नाव आहे.' एवढंच? शिव्या नाही दिल्या मला? दिल्या असतील तर सांग, मी ऐकून घेईन, एक्क्याऐंशी वर्षांची आहे, आणखी कधी ऐकणार? —नाही दिल्या. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, खरंच.

आता तू मला सांगणार, पट्टी काढा. ते नाही होणार हं. ते माझ्या हातात नाही. वस्तूला आम्ही हात लावत नाही, नियम आहे, आणि समितीला विचारायला लागेल, समिती महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बसते, अनावरण आहे शनिवारी. शिवाय बँडला सांगून झालंय. टॉवेल छापून झालेत, चारशे. एका नावावर गाव उभं आहे, आणि तू म्हणतेस—काही म्हणत नाहीस. ठीक आहे. पण तुझं ते न म्हणणं फार मोठ्याने ऐकू येतं, हे काही बरं नाही.

काचेचं कपाट मला उघडायलाच लागेल, केवला द्यायचंय ना कार्ड. तू लांब उभी राहा. नंतर कुणी म्हणायला नको की पाहुण्यांनी हात लावला. हातमोजे—हे बघ, हातमोज्यांखालीच चष्मा होता माझा. चल, निघालं कार्ड. निळं पार उडालंय फितीचं. तुला जवळून बघायचंय तर बघ, पण मी धरते, तू नुसतं बघ. हा कोपरा कधीचा उचललाय पट्टीचा. पिठाची खळ ती, किती वर्षं टिकणार, आणि त्यात इथे उन्हाळ्यात असं तापतं की महापौरांची मिशी राहिली नाही. श्वास नको सोडूस त्याच्यावर. मीच सोडतेय का? आताशा दम लागतो. वय आहे. पंखा बंद करायला हवा होता मी आधी, पंखा—

बघ.

मी ओढली नाही. तू साक्षीदार आहेस, मी ओढली नाही, आपोआप सुटली. खाली पडली, ती बघ, तुझ्या बुटाशी.

'मर्टल डेव्ही.' किती काळंभोर राहिलंय अक्षर. उजेडच लागला नाही ना त्याला.

रडायचं तर बाहेर रडा बाई, कागदाला ओल चालत नाही. मला रुमाल नको, माझं डोळ्यांचं औषध चालू आहे. तेवढी पट्टी उचलून द्या, मला वाकता येत नाही. पाकीट त्या खणात. वर लिहिते मी—'पट्टी', आणि आजची तारीख. नाही, परत चिकटवणार कशी? ऐकलंत ना मघाशी, जे आपोआप सुटलं ते सुटलं. अध्यक्ष येऊ देत, समिती येऊ दे, अख्खा बँड येऊ दे, मी महापौरांच्या मिशीला नियम लावला तो सासूबाईंना का नाही लावायचा? पांढरे हातमोजेवाली मुलगी सांगून गेलीय. तिला फोन करा म्हणावं. तो बाहेर कोण भोंगा वाजवतोय, केवच—आले रे! इंजिन बंद कर, वास आत येतो! हे घे. सांभाळून, काठाला धर. समितीने काय सांगितलंय ते विसर, तुला कार्ड दिलंय ना? मग कार्डावर दिसतंय ते उतरव. जसंच्या तसं. आज रात्रीत दोन हात रंगाचे दे, वाळायला वेळ लागतो. आणि कुणाचा फोन आला तर उचलू नकोस, तू नाहीतरी उचलत नाहीसच. जा.

गेला. विचारलंसुद्धा नाही काही. गुणी माणूस, समितीवर घ्यायला हवं त्याला.

तुम्ही अजून इथेच? आणखी काय हवंय? इस्त्र्या बघून झाल्या, तार बघून झाली. टॉवेल तसाच घेऊन जा, त्यावर चहाचं मात्र लिहा हाताने. आणि वही—आणा इकडे, आता चष्मा आहे. 'कॅरिन डेव्ही.' हं. आणि 'कुठून आलात'... हे आत्ता लिहिलंत होय, मी केवशी बोलत असताना.

'इथलीच.'

बरं. चार वाजून गेले, आम्ही बंद करतो. निघा आता. आणि जाताना दारावरची ती पाटी तेवढी उलटवून जा—हो, हो, मला माहीत आहे तिच्यामागे 'उघडं' लिहिलंय.